मगरीने कुत्रा वाचवला, त्यानंतर

२०२३ मध्ये महाडच्या मगरी जगभर गाजल्या. भटक्या कुत्र्यांच्या टोळीने पाठलाग केलेला एक कुत्रा जीव वाचवायला सावित्री नदीच्या उथळ पाण्यात शिरला होता. जवळच तीन पूर्ण वाढलेल्या मगरी तरंगत होत्या. त्या त्याच्या दिशेने आल्या, पण पुढे जे होणार असं कोणालाही वाटलं असतं ते झालंच नाही. दोघींनी कुत्र्याला तोंडाने स्पर्श केला, ढोसत ढोसत त्याला काठाच्या चढणीकडे सरकवलं आणि कुत्रा निसटला. उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर या अभ्यासकांनी ही नोंद 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' या नियतकालिकात छापली आणि पाहता पाहता ती देशोदेशींच्या बातम्यांत झळकली. महाडच्या नदीतली गोष्ट महाडच्या अनेकांना मोबाइलवर, इंग्रजी बातमीच्या मराठी अवतारात वाचायला मिळाली.

बातमी फक्कड होती यात शंका नाही. मात्र मूळ निबंध कुत्र्याबद्दलचा नाही. मगरींनी मिळून मासे पकडणं, शिकारीसाठी आमिष वापरणं, झेंडूच्या फुलांची ओढ आणि मग संवेदनशील वागणूक, असा त्याचा लांबलचक मथळा आहे. कुत्र्याचा प्रसंग त्यातला एक. आमिषाचा भाग घ्या. तोंडावर काटक्या घेऊन मगर पाण्यात निपचित पडून राहते आणि घरट्यासाठी काड्या शोधणारा पक्षी जवळ येतो, अशी निरीक्षणं व्लादिमिर दिनेत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नईजवळच्या मगर उद्यानातून आणि अमेरिकेतल्या ॲलिगेटरांवरून २०१३ साली मांडली होती. सरपटणारा प्राणी अवजार वापरतो का, हा त्यामागचा प्रश्न. सावित्रीच्या काठावर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला होता, आणि त्याला एकाही मथळ्यात जागा मिळाल्याचं आठवत नाही.

झेंडूची गोष्ट त्याहून रंगतदार. नदीत सोडलेल्या निर्माल्यातल्या पिवळ्या फुलांमध्ये मगरी येऊन तरंगतात, पडून राहतात, असं या अभ्यासकांना दिसलं. झेंडूच्या पाकळ्यांमध्ये जंतुनाशक आणि बुरशीनाशक द्रव्यं असतात. सांडपाणी मिसळलेल्या नदीत राहणाऱ्या प्राण्याच्या कातडीला त्याचा उपयोग होत असेल, अशी शक्यता त्यांनी पुढे ठेवली. शक्यता हा शब्द महत्त्वाचा. एका नदीत, काही मगरींच्या बाबतीत, काही प्रसंगी दिसलेलं हे वर्तन आहे. ते खरं ठरवायचं तर दुसऱ्या नदीत, दुसऱ्या फुलांवर, फुलं नसताना, अशी बरीच निरीक्षणं लागतील.

कुत्र्याचंही तसंच. मगरी हल्ल्याच्या टप्प्यात होत्या, तरी त्यांनी हल्ला केला नाही, म्हणजे त्यांना भूक नसावी, हे निबंधातच म्हटलेलं आहे. त्याच्या पुढे जाऊन लेखकांनी सहानुभूतीची कल्पना मांडली. ती मांडायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. चांगल्या निसर्गनोंदींमध्ये पाहिलेलं आणि सुचलेलं अशा दोन्ही गोष्टी असतात, फक्त त्या वेगळ्या ओळखू याव्या लागतात. बातमीत त्या दोन्हींची खिचडी झाली. 'असावी', 'असू शकेल' ही क्रियापदं वाटेत गळाली आणि 'मगरींनी वाचवलं' एवढं उरलं. इथे दोष एकट्या बातमीदाराच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. उपसंपादकाकडे वेळ नसतो, विज्ञानाचं पान कधीच बंद झालेलं असतं आणि मगरीवर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाचा फोन नंबर त्याच्या डायरीत नसतो.

जीवशास्त्राच्या पत्रकारितेची अडचण नेमकी त्या डायरीत आहे. निबंध लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या जाणकाराला विचारून बघणं, ही या पत्रकारितेची पहिली अट. त्यासाठी जाणकारांचा एकमेकांना ओळखणारा, एकमेकांवर टीका करूनही बोलत राहणारा गोतावळा लागतो. तो असेल तर बातमी सुधारते. नसेल तर पत्रकार कितीही हुशार असो, तो निबंधाचा सारांश छापून मोकळा होतो.

महाडला मगरी नव्या नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्यात दोन एसटी बस आणि इतर गाड्या गेल्या, तेव्हा शोधकार्याच्या अनेक बातम्यांत मगरींचा उल्लेख होता. त्या वेळी मगर म्हणजे भीती. सात वर्षांनी तीच मगर करुणेची मूर्ती झाली. या दोन टोकांच्या मधल्या मगरीबद्दल, ती कुठे ऊन खायला येते, अंडी कुठे घालते, पूर आल्यावर कुठे जाते, औद्योगिक वसाहतीच्या पाण्याचा तिच्यावर काय परिणाम होतो, याबद्दल मराठीत फारच थोडं छापून आलं. जुलै २०२४ मध्ये चिपळूणच्या रस्त्यावर पावसात फिरणाऱ्या मगरीची चित्रफीत देशभर पाहिली गेली, तेव्हाही चित्रफितीच्या पुढे कोणी फारसं गेलं नाही.

ही माहिती कोणाला हवी आहे, हे रायगडाच्या पायथ्याशी गेलं की कळतं. महाडपासून साधारण २५ किलोमीटरवर हिरकणीवाडी आहे. रोपवेचं खालचं ठाणं इथेच, म्हणून गडावर जाणाऱ्यांची गर्दी इथे थांबते. घरोघरच्या पिठलं-भाकरीवर, ताकावर आणि गाड्यांच्या पार्किंगवर वाडीचा पावसाळ्यानंतरचा हंगाम चालतो. रायगडाच्या कुशीतून वाहणाऱ्या काळ आणि गांधारी या नद्या पुढे सावित्रीला मिळतात. या पट्ट्यातल्या माणसाला नदीचं, दरडीचं, रानडुकरांचं आणि बिबट्याचं ज्ञान पुस्तकातून मिळवावं लागत नाही. पण त्याने पाहिलेलं कोणी लिहून घेत नाही, आणि त्याच्या रानावर कोणी निबंध लिहिला तर तो त्याच्यापर्यंत येत नाही. जीवशास्त्रज्ञांचा समुदाय म्हटला की प्रयोगशाळा आणि परिषदा डोळ्यांपुढे येतात. सह्याद्रीतल्या जीवशास्त्रात मात्र निम्मं काम वाटाड्यावर, गुराख्यावर आणि वनरक्षकावर अवलंबून असतं, आणि आभाराच्या परिच्छेदात एका ओळीत ते उरकलं जातं.

खरं तर असा मिश्र गोतावळा मुंबई इलाख्याला नवा नव्हता. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली स्थापन झाली तेव्हा आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. १८८६ पासून निघणाऱ्या तिच्या जर्नलमध्ये किरकोळ टिपणांचा विभाग आहे. त्यात वनाधिकारी, मळेवाले, लष्करी अधिकारी, हौशी पक्षीनिरीक्षक अशा सगळ्यांनी लिहिलं. अर्ध्या पानाची नोंद, पण ती तारखेसकट, ठिकाणासकट. महाडच्या मगरींचा निबंध याच घराण्यातला आहे. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते, तेव्हा १९१० च्या सुमारास त्यांना साताऱ्याकडच्या नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोपर्यंत त्याचा गण आफ्रिकेतच माहीत होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या नेल्सन ॲनंडेल यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की पलीकडे ती नदी ज्यात येते त्या कृष्णा खोऱ्याची सुरुवात होते. टपालाने जुळलेला तो समुदाय छोटा होता, इंग्रजीत बोलणारा होता, तरी त्याला कोणत्याही कॉलेजातल्या मास्तराची नोंद चालत होती.

मराठीत ही परंपरा सांभाळली ती मुख्यतः शिक्षक-प्राध्यापकांनी. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासूनचं. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालची. तिची पत्रिका, दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरणारं अधिवेशन आणि 'लोकसत्ता'तलं 'कुतूहल' हे सदर यांनी लाखो वाचकांना विज्ञानाची गोडी लावली. भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवशास्त्राचं संशोधन केलेले बाळ फोंडके 'सायन्स टुडे'चे संपादक झाले आणि मराठीत त्यांनी ललित ढंगाने विज्ञान लिहिलं. संशोधक आणि पत्रकार एकाच माणसात असण्याचं हे दुर्मीळ उदाहरण. एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. मराठी विज्ञानलेखन हे समजावून सांगण्यात तरबेज आहे, विचारपूस करण्यात नाही. पेशी म्हणजे काय, प्रतिजैविकं कशी काम करतात, हे उत्तम सांगितलं जातं. अमुक संशोधनाचा नमुना किती लहान होता, पैसा कोणी दिला, दुसऱ्या गटाला तेच का दिसलं नाही, हे प्रश्न विचारायची सवय कमी. शिक्षकाची भूमिका घेतली की असं होतं. शिक्षक पाठ्यपुस्तकाशी भांडत नाही.

नव्या प्रजातींच्या बातम्यांत हे जास्त जाणवतं. उत्तर सह्याद्रीत गेल्या दशकभरात पालींच्या, बेडकांच्या, माशांच्या आणि सड्यांवरच्या वनस्पतींच्या नव्या प्रजातींची रांग लागली. बातमीचा साचा ठरलेला: नाव, कोणाच्या सन्मानार्थ, कोणत्या तालुक्यात, तरुण संशोधकांचा फोटो. संशोधकांत एखादं राजकीय घराण्यातलं आडनाव असलं की पहिलं पान. पण या साच्यातूनही कधी काम साधून जातं. आंबोलीच्या महादेव मंदिराजवळच्या पाण्यात सापडलेल्या 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या माशाचं वर्णन २०२० मध्ये जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि एस. बालसुब्रमण्यम यांनी केलं. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. निबंध, बातमी आणि सरकारी निर्णय इतक्या झटपट एका रांगेत क्वचितच लागतात. आडनावाचा त्यात वाटा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मासा वाचला तर तक्रार नाही. उलट बाजूही आहे. दुर्मीळ पाल किंवा मासा नेमक्या कोणत्या कड्यावर, कोणत्या ओढ्यात मिळतो, हे छापलं की पाळीव प्राण्यांच्या चोरट्या व्यापाऱ्यांना पत्ता मिळतो. अनुभवी संशोधक म्हणूनच ठिकाण मोघम ठेवतात. उत्साही वार्ताहर मात्र गावाच्या पाटीसकट फोटो टाकतो.

गिधाडांची कहाणी या सगळ्यापेक्षा मोठी, आणि तिचा एक धागा रायगड जिल्ह्यातच आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९९० च्या दशकात विभू प्रकाश यांना गिधाडं मान टाकून बसलेली, झाडाखाली मरून पडलेली दिसू लागली. कारण सापडायला २००४ साल उजाडलं. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून दाखवलं की, गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. तोपर्यंत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही बंधन आलं. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर बंदी यायला २०२३ उजाडलं.

या काळात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला, महाडच्या प्रेमसागर मेस्त्री यांच्या 'सीस्केप' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन गिधाडांच्या वसाहतीची राखण सुरू केली. इथला भर औषधापेक्षा पोटावर आणि घरट्यावर होता. गुरं कमी झालेली, मेलेलं जनावर उघड्यावर टाकण्याची पद्धत मोडलेली, घरट्यांची उंच जुनी झाडं तुटलेली. मग मेलेली गुरं मिळवून ठरलेल्या जागी आणून टाकायची, झाडं राखायची आणि गावाला पटवायचं, असा कार्यक्रम. हे काम वाचायला सोपं वाटतं. मेलेलं जनावर टेम्पोत घालून घाटरस्त्याने दुसऱ्या तालुक्यात न्यायचं, वास घेऊन वाटेत कोणी अडवणार नाही ना हे पाहायचं, आणि हे एकदा नाही, वर्षानुवर्षं करायचं. डायक्लोफेनॅकच्या निष्कर्षाचा अर्थ कोकणात लावताना स्थानिक कारण वेगळं शोधावं लागलं, हे विज्ञान म्हणूनही मोलाचं होतं. दिल्ली-मुंबईच्या बातम्यांत गिधाड म्हणजे डायक्लोफेनॅक असं समीकरण पक्कं झालेलं असताना चिरगावचा तपशील जिल्हा पुरवण्यांच्या बाहेर कमीच गेला.

गिधाडांची बातमी पुन्हा एकदा पेटली ती २०२४ मध्ये. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की, गिधाडं नाहीशी झाल्यामुळे भारतात २००० ते २००५ दरम्यान सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत. मेलेली जनावरं सडत राहिली, कुत्री वाढली, पाणी दूषित झालं, असा तर्क. हा सांख्यिकी अंदाज होता, जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करून काढलेला. मथळ्यांत तो मोजलेला आकडा झाला. सावित्रीच्या कुत्र्याचं जे झालं तेच इथे, फक्त यावेळी माणसं पाच लाख होती.

मग संशोधकांचा समुदाय असं काही घडताना काय करतो? करोनाच्या सुरुवातीला याचं लख्ख उदाहरण मिळालं. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या एका गटाने नव्या विषाणूत एचआयव्हीशी 'विलक्षण साम्य' असल्याचा कच्चा निबंध प्रीप्रिंट म्हणून खुला केला. कटकारस्थानाच्या कथांना तो आयताच मिळाला. जगभरातल्या जीवशास्त्रज्ञांनी काही तासांत जाहीरपणे दाखवून दिलं की, असे छोटे तुकडे कितीतरी विषाणूंत सापडतात. दोन दिवसांत लेखकांनी निबंध मागे घेतला. पुढे मार्च २०२० मध्ये 'इंडियन सायंटिस्ट्स रिस्पॉन्स टू कोविड-१९' या नावाने देशभरातले शेकडो शास्त्रज्ञ स्वयंसेवक म्हणून एकत्र आले. अफवांची शहानिशा करणारे त्यांचे मजकूर अनेक भारतीय भाषांत निघाले, मराठीतही. कुठल्याही संस्थेचा आदेश नव्हता. प्रयोगशाळा बंद, हातात वेळ, आणि व्हॉट्सॲपवर काढ्यांचा पूर.

असे गट आकाशातून पडत नाहीत. २००९ मध्ये रॉन व्हेल या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर नव्याने रुजू झालेल्या तरुण संशोधकांचा मेळावा सुरू केला. त्यातूनच 'इंडियाबायोसायन्स' ही संस्था उभी राहिली. आपल्या विषयाचा दुसरा माणूस जवळपास नाही, उपकरण बिघडलं तर कोणाला विचारायचं कळत नाही, अशा एकट्या पडलेल्या प्राध्यापकांसाठी तो आधार होता. २०१६ मध्ये आशिमा डोगरा आणि नंदिता जयराज या दोन पत्रकारांनी 'द लाइफ ऑफ सायन्स' सुरू केलं आणि देशभरच्या प्रयोगशाळांत जाऊन महिला शास्त्रज्ञांशी बोलायला लागल्या. शोधाइतकंच पाळणाघर, वसतिगृह, बढती आणि छळ हेही त्यांनी विज्ञानाच्या बातमीत आणलं. 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' कोइमतूरहून निघतं, लेखकाकडूनही पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही. म्हणून तर महाडचा निबंध कोणालाही उघडून वाचता आला. हे सगळं चांगलं. पण हा समुदाय इंग्रजीत जमतो, आणि त्यात तालुक्याच्या कॉलेजातला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक क्वचितच असतो. मराठीत अशा समुदायाची जागा पक्षिमित्रांच्या राज्यभर फिरत्या संमेलनांनी भरून काढली. गेली चार दशकं शिक्षक, बँकेतले कारकून, डॉक्टर आणि वनकर्मचारी तिथे एकाच मांडवात आपापल्या तळ्यांच्या नोंदी वाचून दाखवतात.

सरकारनेही गावपातळीवर असा गोतावळा घडवायचा प्रयत्न केला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही आणली. माधव गाडगीळ यांच्या डोक्यातली ही कल्पना होती: गावाने आपलं ज्ञान आपल्या हाताने लिहायचं, संशोधकाने मदतनीस व्हायचं. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत आणि त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाख रुपयांचा दंड ठरवला आणि देशभर वह्या भराभर भरल्या गेल्या. ठेकेदाराने एका गावची यादी दुसऱ्या गावाला चिकटवली तरी कार्यालयाला वही पूर्ण झाल्याशी मतलब. हिरकणीवाडीच्या डोंगरातलं नाचणीचं जुनं बियाणं, एखाद्या म्हातारीला ठाऊक असलेली पहिल्या पावसातली रानभाजी, ओढ्यातले मासे चढणीला लागण्याचे दिवस, हे अशा वहीत उतरायला हवं होतं. पत्रकारांनी या वह्या मागवून वाचल्या तर जिल्हा पानांना वर्षभर पुरतील एवढे विषय निघतील, आणि चुकाही.

सावित्री जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या बाजूला वेळास आहे. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ पासून ऑलिव्ह रिडली कासवांची अंडी राखायला सुरुवात केली; पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पर्यटकांना घरात ठेवून घेणाऱ्या कुटुंबांना त्यातून उत्पन्न मिळू लागलं. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं आणि तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं. मग सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. कोकणातल्या वाचकाने पहिल्यांदाच एखाद्या संशोधनाचा पाठपुरावा क्रिकेटच्या धावफलकासारखा केला: आज प्रथमा कुठे, रेवा कुठे. यंत्रं एकामागून एक गप्प झाली, अपेक्षेपेक्षा लवकर, आणि तेही छापून आलं. अपयशासकट आलेली बातमी म्हणून ती मालिका लक्षात राहते.

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी दिसली. तिथल्या माणसांनी तिच्यावरचा आकडा टिपून घेतला: ०३२३३. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या गटाने अडकवली होती. पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी कासवं तिथलीच, असा समज असताना ही बाई सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून कोकणात आली होती.  आकडा नीट वाचला गेला आणि योग्य माणसाकडे पोचला एवढ्यावर ती नोंद उभी राहिली. मराठी वृत्तपत्रांनी ही बातमी इंग्रजीची वाट न बघता, किनाऱ्यावरच्या लोकांशी बोलून दिली.